सर्व्हर अपग्रेड झाला, व्हीएम चालू आहेत. पण नेटवर्क गायब! बिघाड नेमका शोधायचा कुठे?

अपग्रेड नीट पार पडलं. सर्व्हर रीबूट झाला. स्क्रीनवर सगळ्या व्हर्च्युअल मशीन हिरव्या दिसतात, पुढे 'रनिंग' असंही लिहिलेलं आहे. तरी कुणाचंच काम होत नाही. पतसंस्थेच्या काउंटरवर खातं उघडत नाही, कारखान्यात टॅलीला सर्व्हर सापडत नाही, दवाखान्यात बिलिंगपुढे रांग लागते. मग कुणीतरी सुचवतं, 'मशीन उडवा, बॅकअप टाका, मोकळे व्हा.' नेमकं तेच करायचं नसतं.

हायपरव्हायजर अपग्रेड झाल्यावर व्हीएमचं नेटवर्क जाणं ही तशी नेहमीची तक्रार आहे. बहुतेक वेळा डेटाला धक्काही लागलेला नसतो. मशीन आत जिवंत असते, फक्त बाहेर यायची वाट बंद झालेली असते. ही वाट कुठे तुटली ते क्रमाने शोधलं, तर दुरुस्ती पुष्कळदा एका ओळीची निघते. मात्र घाईत कालचा बॅकअप चालू मशीनवर टाकला, की आज सकाळपासूनच्या नोंदी पुसल्या जातात. त्या परत आणायला दुसरा उपाय राहत नाही.

एकाच वाड्यातली चार बिऱ्हाडं

एकाच सर्व्हरवर तीन-चार स्वतंत्र कॉम्प्युटर चालवायचे, हे काम करणाऱ्या सॉफ्टवेअरला हायपरव्हायजर म्हणतात. व्हीएमवेअरचं ईएसएक्सआय, मायक्रोसॉफ्टचं हायपर-व्ही आणि प्रॉक्समॉक्स ही त्यातली माहितीची नावं. ज्या खऱ्या यंत्रावर हे सगळं चालतं त्याला होस्ट म्हणतात, आणि आतल्या प्रत्येक कॉम्प्युटरला व्हर्च्युअल मशीन, म्हणजेच व्हीएम.

हे चित्र जुन्या वाड्यासारखं आहे. वाडा एक, आत बिऱ्हाडं चार. प्रत्येक बिऱ्हाडाचं दार मधल्या चौकात उघडतं आणि चौकातून एकच दिंडीदरवाजा रस्त्यावर जातो. इथे बिऱ्हाडं म्हणजे व्हीएम. चौक म्हणजे 'ब्रिज', हायपरव्हायजरने सॉफ्टवेअरमध्येच बनवलेला स्विच. दिंडीदरवाजा म्हणजे सर्व्हरच्या पाठीमागचं खरं नेटवर्क कार्ड, ज्यात केबल खुपसलेली असते.

अपग्रेडनंतर बिघाड यापैकी कुठेही होऊ शकतो. दिंडीदरवाजा उघडत नसेल, चौक आणि दरवाजा यांचा सांधा तुटला असेल, एखाद्या बिऱ्हाडाचं दार चौकापासून सुटलं असेल, किंवा गडबड बिऱ्हाडाच्या आतच असेल. चारही ठिकाणी लोकांना दिसतं ते एकच, 'नेट गेलं'. उपाय मात्र चार वेगळे.

हा प्रश्न आताच का वाढला?

ब्रॉडकॉमने नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हीएमवेअर विकत घेतली. त्यानंतर महिन्याभरातच कायमस्वरूपी लायसन्सची विक्री बंद करून वार्षिक वर्गणीची पद्धत आणली. २०२४ च्या फेब्रुवारीत ईएसएक्सआयची मोफत आवृत्तीही बंद झाली. ती एप्रिल २०२५ मध्ये पुन्हा देण्यात आली, पण मधल्या काळात अनेक छोट्या कार्यालयांनी दुसरी वाट धरली.

ती वाट बऱ्याचदा प्रॉक्समॉक्सकडे जाते. ऑस्ट्रियातल्या व्हिएन्ना शहरातल्या कंपनीचं हे ओपन सोर्स सॉफ्टवेअर डेबियन लिनक्सवर उभं आहे. वापरायला पैसे लागत नाहीत, पैसे मोजायचे ते सपोर्टचे. याची ७.० आवृत्ती जुलै २०२१ मध्ये आली, ८.० जून २०२३ मध्ये आणि ९.० ऑगस्ट २०२५ मध्ये. ८ या मालिकेची मुदत ऑगस्ट २०२६ पर्यंतच आहे, म्हणजे ८ वर असलेल्या प्रत्येकाला कधी ना कधी ९ वर जावंच लागतं.

अशा प्रत्येक मोठ्या उडीत खालचं डेबियन बदलतं, लिनक्सचा कर्नल बदलतो, आणि नेटवर्क कार्डं ओळखण्याची त्याची रीतही थोडीफार बदलते. गोंधळाचं मूळ बहुधा तिथेच असतं.

आधी विचारा : कोण कुणाशी बोलतंय?

हात लावण्याआधी पाच मिनिटं फक्त पाहण्यात घालवा. सर्व्हरला मॉनिटर आणि कीबोर्ड जोडा. व्हीएमची स्क्रीन हायपरव्हायजरच्या कन्सोलमधून उघडता येते, त्याला व्हीएमचं स्वतःचं नेटवर्क लागत नाही. मग राउटरला, म्हणजे गेटवेला पिंग करून पाहा. उत्तरावरून अर्धं निदान होतं.

१. होस्टही गेला आणि सगळ्या व्हीएमही गेल्या : दोष कार्ड, केबल किंवा ब्रिजमध्ये. सर्वाधिक प्रकरणं याच गटात मोडतात.

२. होस्ट नेटवर्कवर आहे, पण सगळ्या व्हीएम गेल्या : व्हीएम ब्रिजपासून सुटल्या आहेत, व्हीलॅनची जुळणी बिघडली आहे किंवा होस्टची फायरवॉल मध्ये येते आहे.

३. व्हीएम एकमेकींशी बोलतात, पण बाहेर जाता येत नाही : चौक ठीक आहे, दिंडीदरवाजा बंद आहे.

४. एकच व्हीएम गेली, बाकीच्या ठीक : होस्टला हात लावू नका. दोष त्या व्हीएमच्या आत किंवा तिच्या सेटिंगमध्ये.

५. आकड्यांचा पत्ता टाकला तर उत्तर येतं, नाव टाकलं तर येत नाही : नेटवर्क शाबूत आहे, डीएनएस बिघडला आहे.

पहिला संशयित : कार्डाचं नाव बदललं

लिनक्स प्रत्येक नेटवर्क कार्डाला एक नाव देतं. पूर्वी ही नावं सरळ असत, ईटीएच०, ईटीएच१. पण दोन कार्डं असली की कुठलं शून्य आणि कुठलं एक, हे दर बूटला बदलण्याची भीती असे. म्हणून २०१३ पासून सिस्टमडीने नवी पद्धत आणली. कार्ड मदरबोर्डावर कुठे बसलंय त्यावरून नाव ठरतं. ईएनपी३एस० या नावात 'ईएन' म्हणजे इथरनेट, 'पी३' म्हणजे बस क्रमांक ३ आणि 'एस०' म्हणजे त्यावरची जागा क्रमांक शून्य.

कल्पना चांगली, पण तिचा एक तोटा आहे. जागेचा हिशेब बदलला की नावही बदलतं. अपग्रेडच्या निमित्ताने नवी एनव्हीएमई डिस्क किंवा ग्राफिक्स कार्ड बसवलं, बायोस अपडेट केला, तर बसचे क्रमांक सरकू शकतात आणि ईएनपी३एस० चं ईएनपी४एस० होतं. कधी नव्या कर्नलला कार्डाची जास्त माहिती कळू लागते आणि जुन्या नावाला मागे 'एनपी०' असं शेपूट लागतं. कार्ड तेच, केबल तीच, फक्त पाटी बदलली.

इकडे ब्रिजच्या फाइलमध्ये जुनंच नाव लिहिलेलं असतं. प्रॉक्समॉक्सचा ब्रिज, ज्याचं नाव साधारणपणे व्हीएमबीआर० असतं, तो बूट होताना ईएनपी३एस० शोधतो. त्या नावाचं कुणी नसतं. मग ब्रिज उभा राहतो, पण रस्त्याला जोडणारा दरवाजाच नसलेला. होस्टचा स्वतःचा पत्ताही याच ब्रिजवर असल्याने वेब पॅनलसुद्धा उघडत नाही.

दुरुस्ती अशी. कन्सोलवर रूट म्हणून लॉगिन करा आणि 'आयपी लिंक' हा आदेश द्या. सगळ्या कार्डांची आताची नावं आणि मॅक पत्ते दिसतील. मग 'ईटीसी'च्या आतल्या 'नेटवर्क' फोल्डरमधली 'इंटरफेसेस' ही फाइल उघडा. त्यात व्हीएमबीआर० च्या खाली 'ब्रिज-पोर्ट्स' अशी ओळ असते. तिच्यातलं नाव आणि स्क्रीनवरचं नाव वेगळं असेल, तर चोर सापडला.

फाइलची एक प्रत बाजूला ठेवा. मगच जुनं नाव जिथे जिथे आहे तिथे नवं घाला. फक्त ब्रिजच्या ओळीत नाही, त्या कार्डाची स्वतःची 'आयफेस' ओळ असते तिथेही, आणि दोन कार्डं जोडून बाँड केला असेल तर त्यातही. नंतर 'आयएफरीलोड' हा आदेश 'डॅश ए' लावून चालवा. एका अक्षराची चूकही चालत नाही, म्हणून टाइप केलेलं दोनदा वाचा.

सर्व्हरला चार पोर्ट असतील तर कुठलं नवं नाव कुठल्या पोर्टचं, असा प्रश्न पडतो. त्याला सोपा मार्ग आहे. केबल एका पोर्टमधून काढा, पुन्हा 'आयपी लिंक' पाहा. ज्याच्यापुढे 'नो कॅरिअर' आलं, ते तेच पोर्ट.

दुरुस्त केलं, होस्ट आला. व्हीएम मात्र अजून बंदच

इथे बरेच जण अडकतात. होस्टचं पॅनल उघडलं, राउटरला पिंग लागलं, आणि तरी एकही व्हीएम बोलत नाही.

प्रत्येक व्हीएम ब्रिजला 'टॅप' नावाच्या एका अदृश्य केबलने जोडलेली असते. ही केबल हायपरव्हायजर व्हीएम सुरू करताना लावतो. कुणी मध्येच नेटवर्कची पूर्ण सेवा रीस्टार्ट केली, तर ब्रिज मोडून पुन्हा बांधला जातो आणि आधी लावलेल्या टॅप केबली सुटू शकतात. व्हीएमला वाटतं आपण जोडलेलेच आहोत, प्रत्यक्षात दुसरं टोक हवेत लटकतं. म्हणूनच नुसता 'आयएफरीलोड' बरा, तो जे बदललंय तेवढंच हलवतो.

'ब्रिज लिंक' या आदेशाने कोण कुठल्या ब्रिजला जोडलंय ते दिसतं. शंभर क्रमांकाच्या व्हीएमची टॅप 'टॅप१००आय०' या नावाने त्या यादीत यायला हवी. प्रॉक्समॉक्सची फायरवॉल त्या कार्डावर चालू असेल, तर टॅपऐवजी 'एफडब्ल्यू'ने सुरू होणारं नाव दिसेल, त्याने दचकू नका. दोन्ही नसतील, तर व्हीएम शटडाऊन करून पुन्हा स्टार्ट करा. विंडोजच्या आतून 'रीस्टार्ट' केलेलं इथे उपयोगाचं नाही. त्याने आतली विंडोज नव्याने सुरू होते, टॅप केबल नव्याने लागत नाही.

दुसरा संशयित : ब्रिजचा मॅक पत्ता बदलला

प्रॉक्समॉक्स ७ वर जाताना ही अडचण अनेकांना आली. तोवर ब्रिज आपल्या खऱ्या कार्डाचाच मॅक पत्ता घेत असे. नव्या डेबियनमध्ये तो ब्रिजला वेगळा पत्ता देऊ लागला.

साध्या ऑफिसात यामुळे फार बिघडत नाही. पण डीएचसीपीवर मॅक पाहून ठरावीक आयपी देण्याची सोय केली असेल, तर सर्व्हरला भलताच आयपी मिळतो. स्विचवर पोर्ट सिक्युरिटी लावली असेल, तर अनोळखी मॅक पाहून स्विच पोर्टच बंद करतो. आणि सर्व्हर डेटा सेंटरमध्ये भाड्याने घेतलेला असेल, तर काही ठिकाणी नोंदवलेला मॅक सोडून दुसरं काहीच पुढे जाऊ देत नाहीत. तिथे सर्व्हर एकदम गप्प होतो.

उपाय एका ओळीचा आहे. 'इंटरफेसेस' फाइलमध्ये ब्रिजच्या खाली 'एचडब्ल्यू-अ‍ॅड्रेस' ही ओळ घालून पुढे खऱ्या कार्डाचा मॅक पत्ता लिहायचा.

तिसरा संशयित : कार्डाला ओळखणारंच कुणी उरलं नाही

'आयपी लिंक'च्या यादीत कार्ड कुठल्याच नावाने दिसत नसेल, तर प्रश्न पाटीचा नाही, ड्रायव्हरचा आहे.

ईएसएक्सआयवाल्यांना हा फटका २०२० मध्ये ७.० आवृत्तीने दिला. जुने लिनक्स ड्रायव्हर चालवणारा 'व्हीएमके-लिनक्स' हा थर त्या आवृत्तीतून काढून टाकला गेला. ६.७ पर्यंत बाहेरून घातलेल्या ड्रायव्हरवर बिनतक्रार चाललेली रिअलटेकची स्वस्त कार्डं ७.० वर दिसेनाशी झाली. असेंबल केलेल्या पीसीलाच सर्व्हर बनवणाऱ्यांची यात अडचण झाली, कारण अशा मदरबोर्डांवर बहुधा हीच कार्डं असतात.

यात आणखी एक मेख आहे. एरवी ईएसएक्सआय बूट होताना शिफ्ट आणि आर दाबून आधीच्या आवृत्तीवर परतता येतं. पण ६ मालिकेतून ७.० वर गेल्यावर बूट डिस्कची मांडणीच बदलते आणि परतीची वाट उरत नाही. म्हणून तिथे अपग्रेडच्या आधी कार्ड कंपनीच्या सुसंगतता यादीत आहे का, हे पाहणं सक्तीचंच समजावं. कार्ड यादीत नसेल, तर यादीतलं दुसरं कार्ड बसवणं सगळ्यात स्वस्त पडतं.

प्रॉक्समॉक्समध्ये थोडी मोकळीक आहे. अपग्रेडनंतरही जुना कर्नल डिस्कवर राहतो. बूट होताना येणाऱ्या मेनूत 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स'मध्ये जाऊन तो निवडला, तर जुना ड्रायव्हर आणि पुष्कळदा जुनं नावही परत येतं. आजचं काम चालू राहतं, कायमची दुरुस्ती रात्री शांतपणे करता येते. मात्र नाव नव्या डिस्कमुळे किंवा बायोसमुळे बदललं असेल, तर जुना कर्नलही ते बदलू शकणार नाही.

चौथा संशयित : विंडोजला वाटलं, कार्ड नवीन आलं

एकच विंडोज व्हीएम गेली असेल तर आधी इकडे पाहा. हायपरव्हायजर व्हीएमला एक काल्पनिक मदरबोर्ड दाखवत असतो. त्यालाही आवृत्ती असते. ती बदलली की विंडोजला वाटतं, जुनं कार्ड काढून कुणी नवं बसवलं. मग ती नव्या कार्डाला कोरी सेटिंग देते. हाताने घातलेला आयपी जुन्या, आता अदृश्य झालेल्या कार्डाकडेच राहतो.

ओळख सोपी आहे. कन्सोलवर 'आयपी-कॉन्फिग' चालवल्यावर पत्ता १६९.२५४ ने सुरू झाला, तर विंडोजला कुणी पत्ता दिलेला नाही. नवा पत्ता घालायला गेलं, की हा पत्ता आधीच दुसऱ्या, सध्या नसलेल्या कार्डाला दिलेला आहे, अशी तक्रार येते. डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'शो हिडन डिव्हायसेस' निवडा. फिकट दिसणारं जुनं कार्ड अनइन्स्टॉल करा आणि आयपी, गेटवे, डीएनएस पुन्हा भरा.

ते झालं तरी टॅली किंवा शेअर केलेलं फोल्डर उघडेना, असंही होतं. कारण विंडोज नव्या नेटवर्कला 'पब्लिक' समजते आणि तिची फायरवॉल शेअरिंग अडवते. नेटवर्क 'प्रायव्हेट' केलं की गाडी रुळावर येते. ही व्हीएम डोमेन सर्व्हर असेल, तर डीएनएसचा पत्ता बरोबर भरला आहे ना, हे दोनदा पाहा, नाहीतर सगळ्या ऑफिसचं लॉगिन अडेल.

प्रॉक्समॉक्स ही डोकेदुखी टाळण्यासाठी विंडोज व्हीएमची मशीन आवृत्ती मुद्दाम जुनीच धरून ठेवतं. कुणी सेटिंगमध्ये जाऊन ती 'लेटेस्ट' केली, की हा प्रकार घडतो. लिनक्स व्हीएममध्येही मशीनचा प्रकार आय४४०एफएक्स वरून क्यू३५ केला, तर आतल्या कार्डाचं नाव ईएनएस१८ वरून ईएनपी६एस१८ होतं आणि आतली सेटिंग निकामी ठरते. म्हणून अपग्रेडच्या दिवशी 'हेही करून टाकू' म्हणत मशीनचा प्रकार बदलू नये.

कमी दिसणारी दोन कारणं

पहिलं, होस्टवरच बसवलेलं डॉकर. ते फायरवॉलचे स्वतःचे नियम घालतं आणि पुढे जाणारी वाहतूक मुळातच नाकारण्याचं धोरण लावतं. कर्नलने ब्रिजवरची वाहतूकही त्याच चाळणीतून न्यायला सुरुवात केली, की होस्ट ठीक आणि व्हीएम बंद, असं चित्र दिसतं. डॉकर हवंच असेल, तर ते एखाद्या व्हीएममध्ये बसवावं.

दुसरं, क्लस्टर. दोन-तीन सर्व्हर एकत्र बांधले असतील, तर त्यांच्यात बहुमत लागतं. पतसंस्थेच्या सभेला गणपूर्ती लागते तसंच. कार्डाचं नाव बदलून एक सर्व्हर तुटला आणि बहुमत गेलं, तर बूटनंतर व्हीएम आपोआप सुरूच होत नाहीत. तेव्हा व्हीएममागे न लागता आधी सर्व्हरांचं आपसातलं नेटवर्क जोडावं.

अपग्रेड मागच्या महिन्यात, बिघाड आज

अनेकदा 'आम्ही तर काहीच केलं नाही' असं सांगितलं जातं आणि ते खोटं नसतं. नवा कर्नल अपडेटबरोबर डिस्कवर उतरतो, पण लागू होतो पुढच्या रीबूटला. सर्व्हर महिनोन् महिने बंद होत नसेल, तर बदल तितके दिवस दडून राहतो. मग पावसाळ्यात एखाद्या दुपारी लाईट जाते, यूपीएसची बॅटरी संपते, सर्व्हर पुन्हा सुरू होतो आणि नेटवर्क गेलेलं असतं. दोष लाईटला दिला जातो, कार्ड जळलं असं ठरतं, कधी नवं विकतही आणलं जातं.

म्हणून विचारताना 'आज काय केलं?' एवढंच विचारू नये. 'शेवटच्या रीबूटनंतर काय काय बदललं?' हे विचारावं. आणि अपडेट केल्यावर त्याच बैठकीत एकदा रीबूट करून पाहावं. बिघाड व्हायचाच असेल तर तो माणूस समोर असताना व्हावा.

हे करू नका

• चालू व्हीएमवर जुना बॅकअप टाकू नका. प्रॉक्समॉक्समध्ये त्याच क्रमांकावर रिस्टोअर केलं, की आताची डिस्क पुसली जाते. टाकायचाच असेल तर नव्या क्रमांकावर टाका.

• व्हीएम डिलीट करून पुन्हा बनवू नका. नेटवर्कचा दोष त्याने जात नाही, डेटा जातो.

• राउटर फॅक्टरी रीसेट करू नका. आधी एका बाजूचा बिघाड असतो, मग दोन बाजूंचा होतो.

• एका वेळी एकच बदल करा आणि तो कागदावर लिहा. पाच गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने बरं झालं आणि कशाने बिघडलं, कळत नाही.

पुढच्या अपग्रेडआधी

• 'आयपी लिंक'च्या स्क्रीनचा मोबाइलवर फोटो काढा. कुठल्या कार्डाचा कुठला मॅक आणि केबल कुठल्या पोर्टमध्ये, हे सर्व्हरवर चिकटपट्टीने लावून ठेवा. नाव बदलतं, मॅक पत्ता बदलत नाही.

• 'इंटरफेसेस' फाइल आणि व्हीएमच्या सेटिंगची प्रत पेनड्राइव्हवर घ्या. बॅकअप आदल्या दिवशीचा नको, अपग्रेडच्या आधी घेतलेला हवा आणि तो सर्व्हरच्या बाहेर हवा.

• प्रॉक्समॉक्समध्ये प्रत्येक मोठ्या उडीसाठी तपासणी स्क्रिप्ट असते. ८ वरून ९ वर जाताना 'पीव्हीई८टू९' चालवा आणि त्यातल्या सगळ्या सूचना वाचा.

• कार्डाचं नाव कायमचं बांधून टाका. सिस्टमडीच्या 'लिंक' फाइलमध्ये मॅक पत्ता आणि आपल्याला हवं ते नाव लिहिलं, की कार्ड कुठेही सरकलं तरी नाव तेच राहतं. त्या फाइलमध्ये प्रकार 'इथर' असल्याची ओळ विसरू नका, कारण ब्रिजचा मॅकही तोच असू शकतो. प्रॉक्समॉक्स ९ मध्ये हे काम 'पीव्हीई-नेटवर्क-इंटरफेस-पिनिंग' हे साधन करतं. ते कार्डांना निक०, निक१ अशी नावं देतं आणि ती रीबूटनंतर लागू होतात.

• घरी बसून फक्त दूरस्थ लॉगिनवर अपग्रेड करू नका. नेटवर्क गेलं की तुमचाही हात सुटतो. ब्रँडेड सर्व्हरला आयड्रॅक किंवा आयएलओसारखं वेगळं व्यवस्थापन पोर्ट असतं, ते आधी चालू करून तपासा. नसेल तर मॉनिटर आणि कीबोर्डसह माणूस तिथे हवा.

• महिनाअखेर, पगाराचा दिवस, जीएसटी भरण्याची तारीख टाळा. शनिवारी काम संपल्यावर सुरू केलं, तर दुरुस्तीला रविवार हाताशी राहतो.

कॉम्प्युटरवाला बाहेरून येणारा असेल, तर आणखी एक गोष्ट मालकाने किंवा सचिवाने करावी. होस्टचा रूट पासवर्ड आणि वरचा मॅक पत्त्यांचा कागद बंद पाकिटात घालून तिजोरीत ठेवावा. बिघाडाच्या दिवशी तो माणूस गावाला गेलेला असू शकतो. कागद हाताशी असेल, तर दुसरा जाणकारही फोनवर सांगून ती एक ओळ दुरुस्त करून देऊ शकतो.